शिमगा ते मिरग: खाचराचे आणि गोठ्याचे काम

होळी पेटली की खालापूर-कर्जतकडचा भातकरी मोकळा झाला, असा समज आहे. भात झोडून झाले, वाल निघाला, खाचरे उघडी पडली. आता ७ जूनला मिरग लागेपर्यंत लग्ने, जत्रा आणि आंबे. प्रत्यक्षात घरच्या शेतीचे आणि घरच्या जनावरांचे पुढचे वर्ष ठरते ते याच दिवसांत. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा हा मुलूख. पाऊस सुरू झाला की गाडी शेतात जात नाही, गोठ्याची भिंत बांधता येत नाही, पेंढा वाळवता येत नाही. त्यामुळे जे करायचे ते फाल्गुन, चैत्र आणि वैशाखातच उरकावे लागते.

दोन-अडीच एकर भात आणि दावणीला तीन-चार जनावरे, हा आपल्याकडचा घरटी बेत. खाचर पेंढा देते, तो गोठा खातो. गोठा शेण देतो, ते खाचर खाते. हा फेरा चालू असतो तोवर छोटी शेती तग धरते. तो तुटतो तेही उन्हाळ्यातच. पेंढा घाईने विकला जातो, शेण राबात जाळले जाते, आणि कधी कधी खाचराची वरची मातीच वीटभट्टीला जाते. म्हणून या तीन महिन्यांत आधी हिशोब घाला, मग बाकीच्या कामांना हात लावा.

सुरुवात पेंढ्यापासून करा. गंजीकडे नुसते बघून ‘पुरेल’ असे म्हणू नका. दहा भारे तराजूवर घालून सरासरी वजन काढा, मग सगळे भारे मोजा. आता खाणारी तोंडे मोजा. आपल्या कोकणी बांध्याच्या, म्हणजे कोकण कपिलासारख्या लहान चणीच्या गाईला दिवसाला साधारण ५ किलो कोरडी वैरण लागते, बैलाला ६ आणि म्हशीला १० किलो. दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस असेल तर रोजचे २७ किलो झाले. होळीपासून पोटभर हिरवे गवत मिळेपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, चार महिने धरा. सव्वातीन टन पेंढा हवा. एका एकरातून सुधारित भाताचा दीड ते दोन टन पेंढा निघतो आणि त्यातला बराचसा दिवाळीपासून खाल्ला गेलेला असतो. हे आकडे कागदावर मांडले की बहुतेक घरांत खड्डा दिसतोच.

खड्डा मार्चमध्ये दिसला तर भरता येतो, मेमध्ये दिसला तर तो जनावर विकूनच भरावा लागतो. माळरानावरचे वाळलेले गवत वणव्यात जाण्याआधी कापून आणा. वालाची मळणी झाल्यावर उरणारे भूस बांधावर टाकून देणारे किंवा पेटवणारे अजून आहेत. ते करू नका. डाळवर्गाचे हे भूस भाताच्या पेंढ्यापेक्षा कसदार असते आणि दुभत्या जनावराच्या गव्हाणीत त्याची ओंजळही कामाची असते. कर्जत तालुक्यात राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात घेतात, त्याचा पेंढा एप्रिलअखेरीपासून मिळू लागतो. शेजारच्या गावात सोयरे असतील तर आताच शब्द टाकून ठेवा.

कोरडा पेंढा पोट भरतो, पण अंगी लागत नाही. त्यात प्रथिने फार कमी असतात आणि पचनही कठीण. यावर युरियाची प्रक्रिया हा जुना, पारखलेला उपाय आहे; मात्र तो नेमकेपणाने करावा लागतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया घ्या, ४० ते ५० लिटर पाण्यात तो पूर्ण विरघळवा, खडा राहू देऊ नका. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून पेंढ्याचा थर द्या, झारीने द्रावण सारखे शिंपडा, पायांनी चांगले तुडवा, मग पुढचा थर. शेवटी प्लॅस्टिकने असे झाका की हवा आत-बाहेर होणार नाही, आणि कडा मातीने लिंपून घ्या. २१ दिवसांनी एका बाजूने उघडा. पेंढा पिवळट-तपकिरी झालेला असतो, मऊ लागतो आणि अमोनियाचा वास नाकात जातो. रोज लागेल तेवढाच काढा, तासभर हवेवर पसरून वास उडू द्या, मग घाला. पहिल्या दिवशी साध्या पेंढ्यात चौथा हिस्सा मिसळा आणि आठवडाभरात प्रमाण वाढवा. सहा महिन्यांखालच्या वासरा-पारड्यांना हा पेंढा द्यायचा नाही. युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागता कामा नये, ते विष आहे; उरलेले द्रावण आणि रिकामी बादली गोठ्यात ठेवू नका. हे सगळे जमणार नसेल तर प्रक्रिया करू नका. त्यापेक्षा पेंढा कापून द्या, सोबत मीठ आणि मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. भाताच्या पेंढ्यावर राहणाऱ्या जनावराला चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, कमतरता पडतेच.

ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी पाच-दहा गुंठ्यांत मका, ज्वारी किंवा संकरित नेपियर करावे. ज्वारी कोवळी घालू नका. गुडघाभर उंचीची, पाण्याच्या ताणाने सुकलेली ज्वारी जनावर तासाभरात आडवे करू शकते. फुलोऱ्यात आल्यावरच कापा.

आणखी एक धोका गेल्या काही वर्षांत आपल्याकडे वाढला आहे. चैत्र-वैशाखात लग्ने आणि फार्महाऊसवरचे कार्यक्रम एकदमच येतात. उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी पातेलीच्या पातेली गोठ्याकडे येतात, आणि ‘अन्न वाया कशाला’ म्हणून एका वेळी जनावरापुढे ओतली जातात. कोरड्या वैरणीवर असलेल्या जनावराच्या पोटात इतका भात अचानक गेला की आत आंबतो, जनावर रवंथ सोडते, पातळ हगते, धापा टाकते आणि वेळेवर इलाज झाला नाही तर मरते. ओंजळ-दोन ओंजळ ठीक. बाकीचे खतखड्ड्यात टाका. अन्नाचा मान राखायचा तर जनावराचाही राखायला हवा.

उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला दिवसाला ६०-७० लिटर पाणी लागते. आपल्या अनेक वाड्यांत माणसांनाच मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही गोष्ट सोपी नाही हे मान्य. तरीही दिवसातून तीनदा, आणि त्यातले एकदा रात्री, पाणी दाखवा. म्हैस काळी, तिला घामही थोडा. उन्हाचा चटका तिला गाईपेक्षा जास्त बसतो. डुंबायला जागा नसेल तर दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा, ओले गोणपाट टाका. या दिवसांत म्हशीचा माज मुका असतो. ती ओरडत नाही, दूध थोडे आटते, सोट दिसतो तो पहाटे किंवा उशिरा रात्री. झोपण्याआधी आणि उजाडताना गोठ्यात एक फेरी मारणाऱ्या घरालाच तो कळतो. माज चुकला की तीन आठवडे गेले, आणि पुढचे वेतही तेवढेच लांबले.

चैत्रात ओढे आटतात, तळी आत सरकतात आणि पाण्याच्या कडेला हिरवळीचा एक पट्टा उघडा पडतो. सगळा माळ करपलेला असताना गुरे तिथेच धावतात. भातशेतीच्या मुलखात याच पट्ट्यात गोगलगायी असतात आणि गवताच्या बुंध्याला यकृतातल्या चपट्या कृमीचे कोष चिकटलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. गुरे ते गवताबरोबर खातात आणि दोन-तीन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, खंगू लागतात. जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबते. तेव्हा लोक पावसाला दोष देतात. शक्यतो त्या काठावर चारू नका. गवत कापून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून घालता आले तर उत्तम. पावसाळ्याआधी शेण तपासून जंताचे औषध द्या, कारण चपट्या कृमीवरचे औषध साध्या जंताच्या औषधाहून वेगळे असते. पशुवैद्यकाला हे स्पष्ट विचारा.

लशींची वेळही हीच. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचायची असते. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. घटसर्प आणि फऱ्याची लस मेअखेरपर्यंत टोचून घ्या, कारण प्रतिकार तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि घटसर्प पहिल्या पावसातच येतो. २०२२ मध्ये लम्पीने राज्यभर काय केले ते आपण पाहिले आहे. तीही लस चुकवू नका. गाभण जनावर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवा. विमा, नुकसानभरपाई, खरेदी-विक्री सगळीकडे तोच विचारतात. अडचणीच्या वेळी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

गोचीड मारायची तर नुसत्या जनावराच्या अंगावर औषध लावून भागत नाही. मादी गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत आणि दगडांच्या सांदीत. उन्हाळ्यात गोठा रिकामा करून भेगा चुना-मातीने लिंपा, जमीन उकरून नवा मुरूम घाला, मूत्र वाहून जाईल असा उतार द्या. कौले परतायची, शाकारायचे आणि पावसाच्या बाजूला झडपा बांधायच्या कामांसाठी वैशाखाचा पहिला पंधरवडा धरा. त्यानंतर वळवाचा भरवसा नाही.

आता शेणाकडे येऊ. लहान चणीचे जनावर दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या आसपास. कुजून त्याचे एक-दीड टन खत होते. भाताला एकरी तीन-चार टन शेणखत हवे. म्हणजे एका एकरामागे तीन जनावरांचे सगळे शेण पुरवावे लागते. इतकी टंचाई असताना आपण त्यातले बरेचसे शेण राबात जाळतो.

राबाला मी नावे ठेवत नाही. आपल्या वाडवडिलांनी तो अक्कलहुशारीने बसवला. दाढीच्या जागेवर शेण, त्यावर कवळ, पातेरा, गवत आणि वरून मातीचा थर देऊन भाजले की तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, माती भुसभुशीत होते आणि रोप उपटायला सोपे जाते. पण शेणातला नत्र धुरात जातो, कवळासाठी ऐनाची झाडे दरवर्षी बोडकी होतात, आणि भाजणीची एक ठिणगी माळावर उडाली की वणवा डोंगर चढतो. तोटा मोठा आहे, आणि फायद्याला पर्याय आहे.

एकराच्या लावणीला चार गुंठ्यांची दाढ पुरते. तिथे गादीवाफे करा, गुंठ्याला दोन-अडीचशे किलो कुजलेले शेणखत मिसळा आणि भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो घाला. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीतले हे पहिलेच सूत्र. तुसाच्या राखेतल्या सिलिकामुळे रोप कणखर होते आणि खोडकिडा कमी शिरतो. भातगिरणीजवळ तूस सहज मिळते. तणासाठी वळवाच्या सरीनंतर उगवलेले पहिले तण एकदा मोडून टाका, मग पेरा. ज्यांना एकदम राब सोडवत नाही त्यांनी यंदा अर्ध्या दाढीवर करून पाहावे. शेजारी-शेजारी दोन्ही रोपे उभी राहिली की घरातल्या म्हाताऱ्यांनाही पटते. भाजायचेच असेल तर शेण वगळून निव्वळ पातेरा आणि पेंढ्याचा चुरा भाजा. पहाटे वारा पडलेला असताना, भोवती सहा-सात फुटांचा पट्टा साफ करून, पाण्याची पिंपे भरून ठेवून आणि आग पूर्ण विझेपर्यंत तिथे थांबून.

खतखड्डा सावलीत असू द्या, वर शेणमातीचा लेप द्या, गोठ्यातले मूत्राने भिजलेले अंथरूण त्यातच टाका. खत शेतात न्यायची घाई करू नका. चैत्रातच ढीग टाकून ठेवले तर दोन महिने उन्हात खत नुसते सुकते आणि नत्र उडून जातो. मेच्या अखेरीस न्या, आणि पहिल्या पावसाच्या नांगरटीला लगेच मातीआड करा. ज्यांना नांगरटच कमी करायची आहे त्यांनी नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र पाहून यावे. एकदा गादीवाफे केले की नांगरणी, चिखलणी, लावणी नाही. जुनी मुळे जमिनीतच राहतात आणि भातामागून वाल त्याच वाफ्यांवर येतो. बैलजोडी सुटलेल्या घरांना ते विशेष उपयोगी आहे.

बांधबंदिस्ती एप्रिल-मेमध्येच होते. खेकड्यांची बिळे दगड-मातीने ठोकून बंद करा, मोऱ्या साफ करा. बांधाची एक फेरी मात्र या वर्षी वेगळ्या नजरेने मारा. वरच्या अंगाला कुणी प्लॉट पाडले आहेत का, भराव टाकला आहे का, नैसर्गिक ओहोळ बुजवला आहे का? आपल्या दोन्ही तालुक्यांत हे वाढते आहे, आणि त्याचा फटका जुलैत बसतो, जेव्हा पाणी वळून तुमच्या खाचरातून वाट काढते. तोंडी समजावणीने काम होत नसेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेताची वाट अडवली असेल तर अडथळा काढण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना आहे. दावा अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करायचा असतो. कोरड्या दिवसांतले फोटो तारखेसह काढून ठेवा, सातबारा आणि नकाशा जोडा. पावसाळ्यात धावाधाव करण्यापेक्षा आता केलेला एक अर्ज जास्त काम करतो.

आणि वीटभट्टीला माती देऊ नका. लगीनघरात पैशाची नड असते, ट्रक दारात उभा असतो, आणि ‘फूटभरच काढू, पाणी चांगले साचेल’ असे सांगितले जाते. त्या वरच्या फूटभरातच पिढ्यांचे शेणखत आहे. खाली मुरूम लागला की कितीही युरिया टाकला तरी भात पूर्वीसारखे येत नाही. नडीसाठी सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडून नवे उचला. पशुपालनासाठीही किसान क्रेडिट कार्ड मिळते, हे अनेकांना माहीत नसते.

वालाबद्दल थोडक्यात. शेंगा सगळ्या एकदम वाळत नाहीत, म्हणून पहाटेच्या दवात वेचून काढा. दुपारी हात लावला तर तडकून दाणे सांडतात. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, मगच कणगीत भरा. ओलसर राहिला तर आगोटीपर्यंत भुंगा त्याचे पीठ करतो.

उन्हाळी भाताकडे मात्र लक्ष हवे. १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी पेज नदीला मिळते आणि राजनाला त्यावरच चालतो. भर उन्हात हिरवी खाचरे दिसतात ती या पाण्यामुळे. दाणे भरून पिवळे पडू लागले की कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. लोंबीतले ९० टक्के दाणे पिकले की थांबू नका, कारण एप्रिलअखेरचा वळीव उभे पीक आडवे करतो. जमिनीलगत कापा, खोडकिड्याच्या अळ्या बुडख्यातच दडतात. पेंढा भिजला तर गंजी रचू नका. काळी बुरशी आलेला पेंढा जनावराला घालण्यापेक्षा खड्ड्यात गेलेला बरा.

बियाण्याचे काम अक्षय तृतीयेच्या आसपास करून टाका. घरचे बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ८० च्या वर उगवले तरच ते पेरायचे. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओता, तरंगणारे पोचट दाणे काढून टाका, तळाचे दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. तरंगलेले दाणे कोंबड्यांना द्यायचे तर तेही आधी धुऊनच. नवे बी हवे असेल तर कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात मेमध्येच चौकशी करा. त्यांच्या ‘कर्जत’ मालिकेतल्या जाती आपल्याच मातीत निवडलेल्या आहेत. पण निवडताना दाण्याबरोबर पेंढ्याचाही विचार करा. निव्वळ बुटक्या जातींवर गेलात तर गंजी लहान होते. एखादे खाचर उंच वाढणाऱ्या, लोळण्याचा धोका कमी असलेल्या जातीसाठी राखा.

या सगळ्या कामांत गोठ्याचे रोजचे काम बहुतेक घरांत बाईच करते. कोणत्या जनावराने कालपासून अर्धीच वैरण खाल्ली, कुणाचे दूध पावशेराने कमी झाले, हे तिलाच आधी कळते. तीच याच दिवसांत पापड-फेण्या, सुकी मासळी, शेणी आणि सरपण अशी आगोटीची बेगमीही करते. तेव्हा पशुसंवर्धनाच्या शिबिराला, लसीकरणाच्या दिवशी आणि कर्जाच्या चर्चेला तिला पुढे बसवा. वैरणीची वहीही तिच्याच हातात असू द्या.

पहिला पाऊस पडून गवत हिरवे झाले की पेंढा एकदम बंद करू नका. कोवळ्या, पाणीदार गवताने जनावर हगते किंवा फुगते. पंधरा दिवस तरी निम्मा पेंढा चालू ठेवा. हिशोबात ते दिवस धरलेले असावेत.

एवढे करूनही वैरण कमी पडतेच आहे असे दिसले, तर जनावर कमी करण्याचा निर्णय फाल्गुनातच घ्या. पौषात म्हशाच्या जत्रेतून हौसेने आणलेली जोडी वैशाखात हाडे दिसायला लागल्यावर मिळेल त्या भावाने द्यायची आणि ज्येष्ठात नांगरटीसाठी भाड्याचे बैल शोधायचे, यात घर दोनदा बुडते. एक जनावर वेळेवर, अंगावर असताना विका आणि उरलेली पोटभर खाऊ द्या. चार उपाशी जनावरांपेक्षा तीन धट्टीकट्टी जनावरे जास्त दूध, जास्त काम आणि जास्त शेण देतात.